खालच्या कोंडीतली सुंगटं

कुडाळच्या रंगीत माशांच्या दुकानात मला सांगण्यात आलं, "ताई, मासे ठेवा नाहीतर झिंगे ठेवा. दोन्ही एका टाकीत जगत नाहीत." सांगणाऱ्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तो जाळीने लाल-निळे मासे पिशवीत भरत होता. माझ्या पडवीत आज दीड वर्ष दोन्ही जगतायत. एकाच टाकीत. त्यातला एकही जीव विकत आणलेला नाही, सगळे आमच्या घरामागच्या व्हाळातले, म्हणजे ओढ्यातले. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि अभिमान लपवून विनयाचं सोंग घेतलेलं लिखाण मला वाचवत नाही.

टाकी दोन फूट लांब. तळाला व्हाळातली वाळू, जांभ्या दगडाचे तीन तुकडे, दोन पालथ्या करवंट्या आणि विहिरीच्या पायऱ्यांवरून खरवडून आणलेलं शेवाळ. प्लास्टिकचा किल्ला नाही. तोंडातून बुडबुडे सोडणारा बेडूक नाही. वरच्या पाण्यात बोटाच्या पेराएवढे मासे फिरतात, अंगावर एकच काळी रेघ, म्हणून घरात त्यांचं नाव रेघवाले. खाली सुंगटं. कोळंबीला आमच्याकडे सुंगटं म्हणतात. समुद्रातली मोठी, ही व्हाळातली नखाएवढी, आणि इतकी पारदर्शक की काय खाल्लं ते बाहेरून दिसतं. पडवीत आलेला प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो. पोस्टमन तर टपाल देण्याआधी विचारतो, "मगे, आमटी कधी?"

पण ही टाकी मी हौस म्हणून मांडली नव्हती. काकीला खोटं पाडायला मांडली होती.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. कॉलेजात असताना मी आमच्या चळवळीच्या गटासाठी पत्रकं लिहायला शिकले. पत्रकाची रीत सोपी असते. पहिल्या ओळीत दोषी, मग त्याचं पाप, खाली मागणी. दोषी कायम बाहेरचा. गावात तापाची साथ आली त्या वर्षी मी माझं पहिलं स्वतंत्र पत्रक काढलं, "डास सरकारची वाट बघत नाहीत!" मागणी अशी की घराघरातल्या पाण्यात गप्पी मासे सोडा. गप्पी डासांच्या अळ्या खातात, आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळतात. डबा हातात देताना सिस्टरनी मला बजावलं होतं, "बंद पाण्यातच सोड हां. टाकी, विहीर, हौद. व्हाळात सोडू नकोस."

मी हो म्हटलं. दिवसभर फिरून घरोघरी मासे वाटले, आणि संध्याकाळी डबा अर्धा उरला. आमच्या व्हाळाला दोन कोंडी आहेत. कोंड म्हणजे वळणावर साठलेलं खोल पाणी. वरची कोंड आणि खालची कोंड यांच्यामध्ये कमरेएवढा कातळ आहे, त्यावरून पाणी उडी मारतं. मी खालच्या कोंडीच्या काठावर उभी राहून उरलेला डबा ओतला. काम अर्धवट सोडणं मला जमत नाही, आणि तेव्हा मी हा माझा गुण समजत होते. पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीने मला शाल-श्रीफळ दिलं. फोटो आहे. फोटोत मी सगळा गाव वाचवल्यासारखी उभी आहे.

आता काकी. माझ्या धाकट्या काकांची बायको, आमचं घर एकत्र आहे. दिवाळी होऊन भात कापून झाला आणि व्हाळाचं पाणी उतरलं, की काकी एक जुनी साडी काढते. साडीचं एक टोक ती धरते, दुसरं मी. मला धड पोहता येत नव्हतं तेव्हापासून ते टोक माझं. कंबरभर पाण्यातून साडी ओढत न्यायची आणि काठाशी उचलायची. ओंजळभर सुंगटं मिळतात. काकी तिथेच उकिडवी बसून एकेक निवडते. जिच्या पोटाखाली अंडी चिकटलेली असतील, म्हणजे गाबोळी असेल, ती परत पाण्यात. आजपर्यंत गाबोळीवालं एक सुंगट आमच्या चुलीपर्यंत आलेलं नाही. हा नियम कुठल्या पत्रकात छापलेला नाही, आणि तरी तो मोडलेला मी पाहिला नाही. उरलेली घरी येतात, ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि कोकमाची दोन सोलं, बस्स. त्या आमटीवर आमच्या घरातले लोक दोन दिवस भांडतात.

गप्पी सोडून दोन वर्षं झाली होती. साडी वर आली, जड लागली, काकी खूश. उघडून बघितली तर आत नुसती वळवळ. राखाडी, शेपटीला ठिपका असलेले, पोट फुगलेले.

"ह्यां काय गो?" काकी म्हणाली.

"गप्पी."

"तां माका दिसता. सुंगटां खंय?"

दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा ओढली. एकही सुंगट नाही. रेघवाले चार.

"खाणीचो गाळ इलो, काकी," मी म्हटलं. व्हाळाच्या वरच्या अंगाला चिऱ्यांची खाण आहे आणि तिचा लाल गाळ पावसात खाली येतो, हे खरं आहे. माझ्या डोक्यात पत्रक तयारही झालं होतं, मथळ्यासकट.

काकीने साडी पिळली. "गाळ वरच्या कोंडीत आधी पडतलो की खालच्या?"

"वरच्या."

"मगे चल वर."

वरच्या कोंडीत पहिल्याच ओढीला सुंगटं आली. चिखलाने लाल झालेली, पण जिवंत, टणाटण उड्या मारणारी. गप्पी एक नाही. तो कमरेएवढा कातळ त्यांना चढता आला नव्हता.

"शिरा पडली तुज्या गप्प्यांच्या तोंडार," काकी शांतपणे म्हणाली. "आता लिव तुज्या पत्रकात. व्हाळातली सुंगटां कोणी खाल्ली तां लिव."

"एका निरीक्षणावरून असा निष्कर्ष काढता येत नाही," मी म्हटलं. घरात हरायला लागले की मी शुद्ध मराठी बोलते.

"बरां बाय. निष्कर्ष तुजो, आमटी माजी. माका आमटी कोण देतलो?"

त्या दिवशी मला राग आला होता, आणि तो काकीचा नव्हता हे मला कळत होतं. माझ्यामुळे एक कोंड रिकामी झाली असेल, तर मी आतापर्यंत ज्यांच्याविरुद्ध ओरडले त्यांच्याच रांगेत मी बसत होते. ते मला नको होतं. म्हणून ठरवलं की गप्पी निर्दोष आहेत हे सिद्ध करून दाखवायचं. सगळे एकत्र ठेवायचे, डोळ्यांसमोर.

टाकी मिळाली तारकर्लीहून. तिथल्या एका लॉजमध्ये माझी मैत्रीण काम करते. स्वागताच्या टेबलावर ठेवलेल्या त्यांच्या टाकीतले महागडे मासे मेले होते आणि टाकी मागच्या माडांत उन्हात पडली होती, एका कोपऱ्यातून गळणारी. मी ती एसटीने मांडीवर घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, "ह्या काचेच्या मानसाचा तिकीट अर्धा की पुरा?" सगळी गाडी हसली. मी टाकी सोडली नाही. घरी कोपरा सिलिकॉनने बुजवला, तीन दिवस पाणी भरून ठेवलं. थेंब गळला नाही, हा पहिला विजय.

दुसऱ्या आठवड्यात पहिला पराभव. वरच्या कोंडीतून आणलेली सुंगटं मी विहिरीच्या पाण्यात सोडली आणि ती दुपारपर्यंत आडवी झाली. सगळी. त्या दिवशी सोमवार. सोमवारी आमच्या सार्वजनिक विहिरीत जंतुनाशक पावडर पडते, आणि ती दर सोमवारी न चुकता पडावी म्हणून ग्रामपंचायतीच्या दारात कोण बसलं होतं? मीच. पावडर बरोबर आहे, ती पडायलाच हवी. पण माणसाला चालणारं पाणी सुंगटांना चालतंच असं नाही, हे मला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून अंगणात उघड्या घमेल्यात पाणी दोन दिवस ऊन खातं, मगच टाकीत जातं.

मग खाण्याची चूक. मी भाताची शितं टाकली, पाणी दुधासारखं झालं. काका म्हणाले सुका जवळा कुटून घाल, मासे त्यावर तुटून पडतात. घातला. जवळा खारवलेला, आणि मुळात जवळा म्हणजे सुंगटांचीच सुकी भावंडं. काकी पदर तोंडाला लावून हसत होती. "गो, तेंका तेंचेच पावणे जेवक घातलंस!" पाणी पुन्हा बदललं. शेवटी कळलं ते असं की काहीच द्यायचं नाही. शेवाळ, पाण्यात कुजलेलं बदामाचं पान, मधूनच उकडलेल्या दुधीची एक चकती. सुंगटं दिवसभर त्या पानावर बसून हाताने चिमटी-चिमटी उचलून खातात, जणू काही निवडणं-टिपणं चाललंय. वीज गेली की हवा सोडणारा पंप बंद, आणि वीज आमच्याकडे जातेच. तेव्हा तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत ओतायचं. घरातल्या प्रत्येकाने ओतलंय. बाबांनी पेपर वाचता वाचता ओतलंय.

असे दोन महिने गेले आणि टाकी स्थिर झाली. आठ सुंगटं, चार रेघवाले, सहा गप्पी. कोणी कोणाला हात लावत नव्हतं. मी काकीला रोज टाकीसमोर उभी करायचे. "बघ. खातत काय? सांग, खातत?"

"मोठी झालेली कोण खाता? तोंडात मावाक नको?" ती म्हणायची.

एका सकाळी तीच टाकीशी वाकून उभी होती. भाकरीचं पीठ हाताला तसंच. "हय ये. गाबोळी आसा तिका."

करवंटीच्या कडेला एक सुंगट बसलेलं, पोटाखाली मोहरीहून बारीक हिरवट अंड्यांचा घोस, आणि ते पाय हलवून हलवून त्या अंड्यांना वारा घालत होतं. काकीला ते काचेबाहेरून, पिठाच्या हातांनी, चष्म्याशिवाय दिसलं. मला रोज तास-तास बसून दिसलं नव्हतं. आयुष्यभर ती गाबोळीवाली निवडून परत सोडत आली, ती नजर कुठल्या शिबिरात शिकवत नाहीत.

तीन आठवड्यांनी पिल्लं झाली. पापणीच्या केसाएवढी, पण हुबेहूब आईसारखी, शेवाळावर उलटी लटकलेली. मी बावीस मोजली आणि काकांना, बाबांना, पोस्टमनला दाखवली. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी मी खुर्ची ओढून टाकीसमोर बसले आणि उठलेच नाही. रेघवाले वरून फिरत होते. एखादं पिल्लू उघड्यावर आलं की तेही गिळत होते, ते काही संत नाहीत. पण गप्पी शेवाळात शिरत होते. तिरके होऊन, नाक खुपसून, एकेक फांदी तपासत, दिवसभर, न थकता. मी त्यांना सोडलं होतं ते याच गुणासाठी. अळी आणि पिल्लू यांत फरक करा, असं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि मला जे सांगितलेलं होतं ते मी ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी एकही पिल्लू उरलं नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. काकी नारळ खोवत होती. "तुजां खरां," मी म्हटलं.

तिने वर बघितलं नाही. "माका ठावक आसा. तुका कळूक व्हया होता." मग खोवणं थांबवून म्हणाली, "आता काय करतलस? रडतलस की लिवतलस?"

गप्पी मी त्याच दिवशी काढून बरणीत टाकले. शेवाळ दुप्पट केलं, दगडांमध्ये सुतळीने बांधलं, इतकं दाट की रेघवाल्यांचं तोंडच शिरू नये. पुढच्या गाबोळीची वाट बघितली. या वेळी सतरा पिल्लं मोजली आणि महिन्याने अकरा होती. अकरा! चार रेघवाल्यांसोबत, एकाच पाण्यात! कुडाळच्या त्या दुकानदाराला मला फोन करावासा वाटला. मोठ्याने ओरडावंसं वाटलं. ओरडलेही.

आणि मग मी पत्रक लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्रक. मथळा, "खालच्या कोंडीतली सुंगटं मी मारली." खाली काय केलं, सिस्टरनी काय सांगितलं होतं, मी काय ऐकलं नाही, टाकीत काय दिसलं. मागणी एकच, जुन्या साड्या घेऊन या, आपण गप्पी ओढून काढू.

आमच्या गटातल्या वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं. "हे निघालं की खाणवाले गावभर वाचून दाखवतील. म्हणतील, गाळाबद्दल बोलणारी हीच ना? आपली बाजू आपणच पाडायची?"

"गाळ आहेच," मी म्हटलं. "त्याचं पत्रक वेगळं काढू. पण सुंगटं गाळाने गेली असं मी लिहिणार नाही, कारण ती गाळाने गेली नाहीत. वरच्या कोंडीत गाळ जास्त आणि सुंगटंही आहेत. उद्या कोणी साडी ओढून बघितली तर आपलं पुढचं एकही वाक्य कोणी खरं मानणार नाही."

"तुझं नाव खराब होईल."

"होऊ दे की. चूक माझ्या नावानेच झाली."

बांद्याच्या छापखान्यातल्या माणसाने कागद दोनदा वाचला. "बाय, ह्यात दोषी कोण?"

"मी."

"आणि विरोध कोणाचो?"

"माझाच."

"आजपर्यंत असां कोणी छापूक दिलां नाय," तो म्हणाला, आणि मथळा मी सांगितला होता त्याहून मोठ्या अक्षरात लावला.

खाणवाल्यांनी ते वाचून दाखवलंच. नाक्यावर दोन दिवस माझी चेष्टा झाली. "सुंगटां मारणारी इली रे, आमटी झाकून ठेव!" मला लागलं. पण तेच लोक, त्यांच्या आया, त्यांच्या बायका टाकी बघायला आमच्या पडवीत यायला लागल्या. मी प्रत्येकीला दोन्ही दाखवायचे, शेवाळातली वाढलेली पिल्लं आणि शेजारच्या बरणीतले गप्पी. भाषण दिलं नाही. एकीने काचेला नाक लावून विचारलं, "हीच काय गो सुंगटां, आमी आदी खालच्या कोंडीत काढूचो ती?" मी हो म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात, पाणी गुडघ्याएवढं उतरलं तेव्हा, खालच्या कोंडीत आम्ही बारा जणी उतरलो. सहा साड्या. सलग पाच दिवस. गप्पी हंड्यांनी निघाले. काही ज्यांच्या घरी हौद होते त्यांनी नेले, म्हणजे मासे जिथे असायला हवे होते तिथे गेले. सगळे निघाले का? नाही. एक पोटुशी मादी उरली तरी पुरे, हे मला माहीत आहे. आम्ही परत ओढणार, दर वर्षी ओढणार. पाचव्या दिवशी साडीत फक्त दोन आले, तेव्हा मी टाकीतली वीस सुंगटं आणि वरच्या कोंडीतली आणखी ओंजळभर, काठाशी दाट मुळांमध्ये सोडली. काकीने प्रत्येक सुंगट तळहातावर घेऊन बघून सोडलं.

परवा दिवाळीनंतर आम्ही दोघी पुन्हा गेलो. तीच साडी, तेच माझं टोक. आमच्या घरात एवढं काहीतरी पणाला लागलेलं मी निवडणुकीतसुद्धा बघितलेलं नाही. काठाशी साडी उचलली. रेघवाल्यांची झुंबड उडाली, आणि त्यांच्यामध्ये टणाटण उड्या. काकी उकिडवी बसली. एक, दोन, पाच, नऊ. त्यातल्या चौघींना गाबोळी. ती नेहमीप्रमाणे निवडत होती, गाबोळीवाल्या उजवीकडे, म्हणजे पाण्यात. मग डावीकडच्याही तिने पाण्यात सोडल्या.

"आमटी?" मी विचारलं.

"औंदा नाय. हेंका हय रवांदे."

साडी झटकायला तिने उचलली आणि थांबली. घडीत काहीतरी वळवळत होतं. तिने दोन बोटांनी ते उचललं, उजेडात धरलं. राखाडी, शेपटीला ठिपका.

"हात कर फुडे," ती म्हणाली. मी ओंजळीत पाणी घेऊन हात पुढे केले. तिने त्यात तो गप्पी सोडला.

"ह्यो तुजो. घेवन चल."

मी तो ओंजळीतूनच घरापर्यंत आणला, बोटं घट्ट मिटून, एक थेंब न सांडता. बरणीत सोडला. मग पडवीत जाऊन टाकी बघितली. एक सुंगट काचेच्या अगदी जवळ बसलं होतं, पाय हलवत. मी वाकले, काकी वाकते तशी. गाबोळी होती. या वेळी ती पहिल्यांदा मला दिसली होती.